पिंपळापुरे काकांचं यझद

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, बाहेर बर्फ घोट्याच्या वर साचलेला असताना, पिंपळापुरे काकांनी माझ्या हातात उन्हाची टोपी ठेवली.

"लोकरीच्या टोपीवरून घातली तरी चालेल," ते म्हणाले. "पण घाल. पाण्याची बाटली घेतली ना? बाराच्या आत परतायचं आहे. नंतरचं ऊन सोसत नाही बाप्पा."

मला अमेरिकेत, ॲन आर्बरला, शिकायला येऊन पाचच महिने झाले होते. इथल्या न कळलेल्या गोष्टी आधीच इतक्या होत्या, की त्यात आणखी एकीची भर पडली, एवढंच मला वाटलं. मी टोपी घातली. आमच्यासोबत आणखी चार जण होते. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या डोक्यावर जाकिटाच्या हुडवरून उन्हाच्या टोप्या. कोणीही हसत नव्हतं. काकांनी छत्री उघडली, राखाडी आकाशाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "चला. डावीकडची सावली धरा."

अशी मी पहिल्यांदा यझदला गेले.

यझद हे इराणच्या वाळवंटातलं फार जुनं शहर. मातीच्या उंच भिंती, त्यांच्यामधून जाणारे अरुंद बोळ आणि घरांवर उभे असलेले बादगीर, म्हणजे वारा पकडून खाली खोल्यांमध्ये सोडणारे मनोरे. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. काकांची कॉलनी म्हणजे एकसारख्या, फिकट रंगाच्या टाउनहाउसच्या चार रांगा. पण काकांनी प्रत्येक रांग वाटून दिली होती. पहिली गल्ली म्हणजे फहादान मोहल्ला. पत्रपेट्यांचा गठ्ठा जिथे आहे तो पाण्याचा जुना हौद. दोन गॅरेजच्या मधली फट म्हणजे कमानींनी झाकलेला बोळ, तिथे सगळ्यांनी वाकून जायचं. वर कमान नाही, नुसतं आभाळ आहे, तरी वाकायचं. आमच्यातल्या जोशीकाकांचे गुडघे दुखतात, त्यांना काकांनी मान झुकवण्याची सूट दिली होती.

लांब रस्त्यापलीकडे गावाची पाण्याची टाकी दिसते. तिच्याकडे छत्रीचं टोक करून काका म्हणाले, "तो पाहा, दौलताबादच्या बागेतला बादगीर. जगातला सगळ्यात उंच."

"आमच्या औरंगाबादजवळचं दौलताबाद?" एका मावशींनी विचारलं. त्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, माझ्यासारख्याच नवीन.

काका थांबले. "मावशी, आपण आत्ता कुठे आहोत?"

"कॉलनीत."

"यझदमध्ये," जोशीकाका हळूच त्यांच्या कानाशी म्हणाले. "यझद म्हणा. नाहीतर परत पहिल्यापासून सुरू करतील."

टूर संपताना काकांनी कोटाच्या खिशातून डबा काढून सगळ्यांना यझदची प्रसिद्ध मिठाई वाटली. ते शंकरपाळे होते. घरी पोचल्यावर सुलभाकाकूंनी माझ्या हातातला उरलेला शंकरपाळा पाहिला आणि म्हणाल्या, "माझे शंकरपाळे दर आठवड्याला इराणला जातात. मला मात्र यांनी डेट्रॉइटच्या पुढे नेलं नाही."

"तुला चल म्हटलं तर तू येत नाहीस."

"तुमच्या यझदात कोथिंबीर मिळाली तर सांगा, येईन."

काकांकडे मी पोचले ती एका कामासाठी. विद्यापीठातल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला होता: हस्ताक्षरातली एक वही टाइप करून, नकाशे काढून तिचं पुस्तक करून हवं आहे, बदल्यात शनिवारी घरचं जेवण. मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकते, नकाशे हा माझा विषय. खरं सांगायचं तर मी नकाशांसाठी नाही, जेवणासाठी गेले. माझे बाबा बार्शीला पिठाच्या गिरणीत काम करतात, आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. फोनवर आई रोज विचारते, "काय खाल्लंस?" आणि मला रोज खोटं बोलावं लागायचं. शनिवारचं तरी खरं सांगता येईल, असा माझा हिशेब होता.

वही जाड होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'प्रवाशाने सकाळी सहा वाजता घराबाहेर पडावे.' मग पावलं मोजून रस्ता. एवढी पावलं सरळ, मग वळण, मग लाकडी दार, मग डाळिंबाचं झाड भिंतीवरून डोकावतं ती जागा. कोणत्या कोपऱ्यावर कोणत्या वेळी सावली असते. कुठे थांबून पाणी प्यायचं. काका हीटिंग-कूलिंगचे इंजिनिअर. आयुष्यभर मोठमोठ्या कारखान्यांत हवा खेळवण्यासाठी पत्र्याचे डक्ट डिझाइन केले. त्यामुळे वहीत बादगिरांची चित्रं अशी होती, की उद्या कोणीही उठून बांधायला घ्यावीत.

"काका, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुठे?"

"यझदला."

"एकदाही नाही," ते म्हणाले, आणि पोळीवर तूप घालत राहिले.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं विचारलं. काका आत हात धुवायला गेल्यावर काकूंनी मला सांगितलं.

मन्सूर हे काकांच्या ऑफिसातले. जन्म यझदचा, शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि मग परत जाणं राहून गेलं. कधी व्हिसा, कधी बातम्या, कधी मुलांच्या परीक्षा. तीस वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा खायचे. काका नव्या डक्टचं ड्रॉइंग दाखवायचे आणि मन्सूर म्हणायचे, माझ्या आजोबांनी हेच काम मातीत केलं होतं, वीज न लावता. त्यावरून भांडण. भांडता भांडता मन्सूर टेबलावर मिठाने यझदचे बोळ काढून दाखवायचे. रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून जायचं, हे ठरलेलं होतं. कुठल्या खिडकीजवळ कोणी बसायचं इथपर्यंत ठरलेलं होतं.

"आणि मग?"

"मग मन्सूरभावजी विसरायला लागले," काकू म्हणाल्या. "आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. बायको आधीच गेली होती. मुलं लांब आहेत, येतात अधूनमधून. आता दोन वर्षं झाली, ते केअर होममध्ये आहेत. आठवडाभर कोणाशी एक शब्द बोलत नाहीत. फक्त रविवारी बोलतात. हे जाऊन त्यांना यझद फिरवून आणतात ना, तेव्हा."

म्हणजे शनिवारची टूर ही तालीम होती. नव्या मावशी सोडल्या, तर बर्फात टोप्या घालून फिरणारी बाकीची माणसं हे जाणून होती, म्हणून कोणी हसत नव्हतं. मन्सूरकाकांच्या अंगावर यझदचं ऊन यायला हवं, तर ते सांगणाऱ्याला आधी लागलेलं असायला हवं, असं काकांचं म्हणणं होतं. जोशीकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यार, तो माणूस ऐकूनच घेत नाही. मी एकदा म्हटलं, मुकुंदा, निदान मॉलमध्ये फिरू, तिथे हीटर तरी आहे. तर म्हणतो, मॉलमध्ये वाळवंट होत नाही."

मी वही टाइप करायला घेतली. ॲन आर्बरची थंडी मला झेपत नव्हती, अभ्यासही झेपत नव्हता. आमच्या वर्गातली मुलं प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची आणि 'मला हे पटत नाही' असं सरळ म्हणायची. मी घरी येऊन काकांची वही उघडायची. तिच्यात कुठे वळायचं ते स्पष्ट लिहिलेलं होतं. एवढंच मला पुरे होतं.

पण नकाशा करायला बसले तेव्हा घोळ लक्षात आला. उपग्रहाचा फोटो एका बाजूला आणि काकांची वही दुसऱ्या बाजूला ठेवली, तर वहीतला प्रवासी भलतीकडेच जात होता. बेकरीपाशी वहीत लिहिलं होतं, 'डावीकडे वळावे.' डावीकडे रस्ताच नव्हता. दोन मिनारांची जुनी मशीद उजव्या हाताला यायला हवी, ती डाव्या हाताला आली होती. हौदावर सहा बादगीर, वहीत पाच. मी मोजल्या. पुऱ्या नऊ चुका. आणि नवल म्हणजे प्रत्येक चुकीच्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने बरोबरच्या बारीक खुणा केलेल्या. काकांनी पुन्हा पुन्हा तपासून 'बरोबर' ठरवलेल्या ओळीच नेमक्या चुकलेल्या होत्या!

आता काय करावं? काकांना तोंडावर सांगायचं, की काका, तुम्ही चुकलात? मी दोनदा ठरवलं. एकदा तर "काका, ते बेकरीचं..." इथपर्यंत पोचलेही. काका म्हणाले, "काय बेकरीचं?" आणि मी म्हटलं, "काही नाही, छान लिहिलंय." आमच्याकडे मोठ्यांची चूक कोणी सांगत नाही. बाबांना गिरणीच्या मालकाने केलेलं वजन चुकलेलं दिसलं, तरी गुपचूप पुन्हा वजन करतात. मीही तेच केलं. नऊच्या नऊ चुका गुपचूप दुरुस्त केल्या. मन्सूरकाका त्या गावात जन्मलेले. त्यांना दर रविवारी चुकीच्या बोळातून नेलं जातं, हे किती वाईट, असं मला वाटत होतं. मला वाटत होतं, मी त्यांना बरोबर घरी पोचवते आहे.

पुस्तक झालं. स्पायरल बाइंडिंग, वर बादगिराचं चित्र. काकांनी ते हातात घेतलं, पानांचा वास घेतला आणि काकूंना हाक मारली, "सुलभा, पाहून राहिली का? पोरीनं यझद बांधून दिलं." मला म्हणाले, "उद्या तू पण चल."

रविवारी आम्ही गेलो. काका गाडी इतकी हळू चालवतात, की मागच्या गाड्या आमच्यासोबत आपोआप वरातीत सामील होतात. केअर होममध्ये हीटर जोरात चालू होता. मन्सूरकाका सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. पातळ, उंच, पांढरी दाढी नीट कापलेली, इस्त्रीचा शर्ट. काका त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. दोघं इंग्रजीत बोलतात, मी इथे मराठीत लिहिते आहे.

"सहा वाजले," काका म्हणाले. "निघू या?"

मन्सूरकाकांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

काकांनी माझं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. घराबाहेर पडले. भिंतीच्या सावलीने चालले. डाळिंबाचं झाड आलं. काकांचा आवाज बदलला होता, कॉलनीत असतो तसा हुकमी नव्हता. मन्सूरकाकांचे पाय खुर्चीच्या पट्टीवर किंचित हलत होते, चालल्यासारखे. आणि बेकरी आली.

"ताज्या पावाचा वास येतो आहे," काका म्हणाले. "इथून..." त्यांनी पानाकडे पाहिलं. "इथून उजवीकडे."

ते थांबले. चष्मा वर करून त्यांनी पान पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

मन्सूरकाकांचे डोळे मिटलेलेच होते. काका पुढे वाचत गेले. मशीद उजव्या हाताला आली. हौदावर सहा बादगीर आले. प्रत्येक वेळी काका क्षणभर थांबायचे, मन्सूरकाकांच्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा हळू वाचायचे. मन्सूरकाकांचे पाय हलायचे थांबले. मग त्यांनी डोळे उघडले आणि शेजारच्या मदतनीस बाईंना अगदी सभ्यपणे म्हणाले, "हे गृहस्थ तिकडचेच आहेत. यांना सगळं ठाऊक आहे. मला आता माझ्या खोलीत न्या."

काकांनी पुस्तक मिटलं. त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते.

मी त्यांच्याजवळ गेले. "काका, माझं काही चुकलं का?"

"तुझं बरोबर आहे ग," ते मराठीत म्हणाले. "तुझं सगळं बरोबर आहे. मला ठाऊक नाही का बेकरीपासून उजवीकडे जायचं ते? त्यानंच तर मिठानं काढून दाखवलं होतं."

"मग वहीत डावीकडे का?"

"मी डावीकडे वळलो की तो चिडतो. म्हणतो, अरे गाढवा, तिकडे कुठे, तिकडे भिंत आहे. मग मला परत बेकरीपाशी आणतो, तिथून पुढचं सगळं सांगतो. पाववाल्याचं नाव सांगतो. पाववाल्याच्या बकरीचं नाव सांगतो. आधी नऊच्या नऊ ठिकाणी पकडायचा मला. पकडलं की मी खूण करायचो. आता चार ठिकाणी पकडतो. मागच्या रविवारी तीन. आणि आज मी एकदाही चुकलो नाही."

जमिनीत जावंसं वाटतं म्हणतात, तसं झालं. त्या बारीक खुणांचा अर्थ मला आत्ता कळला होता. मदतनीस बाई खुर्चीचा ब्रेक काढत होत्या. खुर्ची वळली असती आणि तो रविवार संपला असता. पुढच्या रविवारी ती तीन ठिकाणंही उरली असती की नाही, कोण जाणे.

मला माहीत नाही कुठून बळ आलं. मी खुर्चीच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"अंकल," मी म्हटलं, "मी बेकरीपाशी उभी आहे. मी इथली नाही. मला रस्ता कळत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाईंनी खुर्ची थांबवली.

"एकटी आलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"टोपी नाही घातलीस. ऊन लागेल." त्यांनी काकांकडे न पाहता हात हलवला, जणू पोरांच्या घोळक्याला बाजूला करत होते. "बेकरी तुझ्या पाठीशी ठेव. पाववाला अकबर आहे, त्याला माझं नाव सांग, तो तुला गरम देईल. आता उजवीकडे चल. हळू. तिथे दगड वर आलेला आहे, माझी आई दोनदा पडली आहे."

मी एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं, कार्पेटवर. ते म्हणाले, "अजून." मी अजून टाकलं. त्यांनी मला बोळातून नेलं, कमानीखाली वाकायला लावलं, हौदाच्या पायऱ्या दाखवल्या आणि आत डोकावू नकोस, घसरशील, म्हणून ओरडले. मशिदीच्या दोन्ही मिनारांची सावली सकाळी कोणाच्या गच्चीवर पडते ते सांगितलं. वाटेत एक शेजारीण भेटली, तिच्याशी ते फारसीत बोलले. मला त्यातला 'दरवाजा' कळला, 'बाजार' कळला. काका स्टुलावर होते तसेच बसून होते. पुस्तक खाली घसरलं होतं, ते त्यांनी उचललं नाही.

मग मन्सूरकाका म्हणाले, "थांब. हे घर."

मी थांबले. समोर खोलीची पांढरी भिंत होती.

"दाराला दोन कड्या आहेत. जाड आहे ती पुरुषांची, ती नको. गोल कडी वाजव. तिचा आवाज हलका आहे. आईला कळेल बाईमाणूस आलं आहे, ती लगेच येईल."

मी हवेत हात नेऊन गोल कडी वाजवली. मन्सूरकाका कान देऊन ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट लिहिता येणार नाही. मग त्यांनी मान वळवली, आणि त्यांची नजर काकांवर गेली. तीस वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्या माणसाला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हे कोण? तुझ्याबरोबर आहेत?"

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं ते आपलं नाव सांगतील. ऑफिसचं नाव सांगतील, टेबलाचं, मिठाचं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलंही. त्यांनी ते गिळलं.

"मी टूरिस्ट," काका म्हणाले. "पहिल्यांदाच आलो आहे."

"मग बाहेर काय उभे राहिलात?" मन्सूरकाकांनी हात पुढे करून जणू दार धरून ठेवलं. "या, आत या. बाहेर फार ऊन आहे."

काका स्टुलावरून खाली वाकले आणि बर्फाने ओल्या झालेल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.